रेझिस्टरचा व्होल्टेज-करंट आलेख घरच्या मल्टिमीटरने कसा काढावा

ओहमचा नियम पाठ असतो सगळ्यांना: तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असेल, तर वाहकातून जाणारा करंट त्याच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजच्या सम प्रमाणात असतो. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट, आणि भागाकार कायम. तो भागाकार म्हणजे रोध. पण हातात रेझिस्टर, सेल आणि स्वस्तातला मल्टिमीटर घेऊन बसलं की आकडे पुस्तकासारखे जुळत नाहीत. दर वेळी दोष नियमाचा नसतो. मीटर, वायरी आणि सेल हेही सर्किटचाच भाग असतात आणि त्यांचाही रोध मोजमापात शिरतो. तो कुठे शिरतो आणि कसा बाजूला काढायचा, हे कळलं की दोन टक्क्यांच्या आतली वाचनं घरच्या टेबलावर मिळतात.

सामान

- ४७० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर. पाच टक्केवाल्यावर (म्हणजे ज्याचा रोध लिहिलेल्यापेक्षा पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो) पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी. एक टक्केवाला असेल तर पिवळा, जांभळा, काळा, काळा, तपकिरी.
- १० ओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर: तपकिरी, काळा, काळा, सोनेरी, तपकिरी. हा आपला शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी सर्किटमध्ये घालायचा लहान रोध. दोन-तीन घेऊन ठेवा.
- चार पेन्सिल सेल आणि चार सेलचा होल्डर. सेल अल्कलाइन घ्या, तेही एकाच पाकिटातले.
- डिजिटल मल्टिमीटर. ८३० मालिकेतला साधा पिवळा मीटर पुरतो.
- ब्रेडबोर्ड, क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या दोन-चार वायरी, आलेख कागद.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. रेझिस्टर सुटे मागायला संकोच नको, दुकानदार दहाच्या पट्टीत देतो.

४७० ओहमच का? सहा व्होल्टला त्यातून साधारण १३ मिलिॲम्पिअर जातात आणि त्यात ०.०८ वॉटच्या आसपास उष्णता होते. पाव वॉटच्या रेझिस्टरला हे काहीच नाही, त्यामुळे तो तापत नाही आणि ‘तापमान कायम’ ही अट आपोआप पाळली जाते. त्याच जागी ४७ ओहम लावला तर सहा व्होल्टला पाऊण वॉटच्या वर जातं, म्हणजे क्षमतेच्या तिप्पट. आधी वास येतो, मग रंग काळवंडतो, आणि थंड झाल्यावरही रोध मूळ जागी येत नाही. कोणता रेझिस्टर किती व्होल्टपर्यंत चालेल हे काढायचं असेल, तर वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घ्या. पाव वॉटसाठी ४७ ओहमला ३.४ व्होल्ट, १०० ओहमला ५ व्होल्ट, ४७० ओहमला १०.८ व्होल्ट आणि एक किलोओहमला १५.८ व्होल्ट येतात. ही कमाल मर्यादा झाली. मोजमाप करताना याच्या बरंच खाली राहा.

जोडणीच्या आधी मीटर

काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट-ओहम-मिलिॲम्पिअरच्या भोकात. दहा ॲम्पिअरचं तिसरं भोक असतं, त्याला आज हात लावायचा नाही.

नॉब २०० ओहमवर ठेवून दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना घट्ट दाबा. शून्य न दिसता ०.३ ते ०.८ असं काहीतरी दिसेल. हा वायरींचा आणि मीटरच्या आतल्या संपर्काचा रोध. लिहून ठेवा. आता शंट मोजा आणि त्यातून हा आकडा वजा करा. १०.४ दिसले आणि वायरींचे ०.४ असतील, तर शंट १०.० ओहमचा आहे. नंतर २००० ओहमच्या रेंजला ४७० ओहमवाला मोजून तोही आकडा टिपून ठेवा, शेवटी ताळा करायला लागेल. रोध मोजताना रेझिस्टर सर्किटच्या बाहेर हवा. सेल जोडलेला असताना ओहमची रेंज लावली तर आकडा निरर्थक येतो आणि मीटरही बिघडू शकतो.

एक सवय इथेच लावून घ्या: नॉब फिरवायचा असेल तेव्हा एक तरी प्रोब उचललेला हवा.

करंट मोजायचा, पण करंटची रेंज न लावता

बहुतेक प्रयोगपुस्तिका मीटर मिलिॲम्पिअरवर टाकून सर्किटमध्ये एकसर जोडायला सांगतात. ते बरोबरच आहे. पण मीटर एकच असेल तर दर वाचनाला सर्किट तोडून जोडावं लागतं, आणि कधीतरी नॉब मिलिॲम्पिअरवर असतानाच प्रोब सेलच्या दोन टोकांना लागतात. आतला फ्यूज त्याच क्षणी उडतो. नंतर मीटर व्होल्ट नीट दाखवतो, करंट मात्र कायम शून्य. ‘ओहमचा नियम येत नाही’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हा उडालेला फ्यूज असतो.

त्यापेक्षा १० ओहमचा शंट रेझिस्टरशी एकसर जोडून टाका आणि त्याच्यावरचं व्होल्टेज २०० मिलिव्होल्टच्या रेंजला मोजा. एकसर जोडणीत करंट सगळीकडे सारखाच, म्हणून शंटवरचे मिलिव्होल्ट दहाने भागले की मिलिॲम्पिअर मिळतात. ३३.२ मिलिव्होल्ट म्हणजे ३.३२ मिलिॲम्पिअर. सर्किट एकदाच जोडायचं, नंतर फक्त प्रोब हलवायचे. करंटच्या रेंजला मीटर स्वतःही आत हेच करतो. ८३० मालिकेच्या मीटरमध्ये २० मिलिॲम्पिअरच्या रेंजला आतला शंट १० ओहमचाच असतो, २०० मिलिॲम्पिअरला १ ओहम आणि २ मिलिॲम्पिअरला १०० ओहम. तुमचा शंट बाहेर आहे, मोजलेला आहे आणि त्याला फ्यूज नाही, एवढाच फरक.

जोडणी

१. होल्डरमध्ये चारही सेल बसवा. एका सेलचं धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला लागतंय ना, हे डोळ्यांनी बघा. एक सेल उलटा बसला तर सहाऐवजी तीन व्होल्ट मिळतात.

२. होल्डरच्या ऋण टोकापासून निघणारी वायर ब्रेडबोर्डवर शंटच्या एका पायाशी न्या.

३. शंटचा दुसरा पाय आणि ४७० ओहमचा एक पाय ब्रेडबोर्डच्या एकाच ओळीत टोचा. मधल्या खाचेच्या एका बाजूची पाच भोकं आतून जोडलेली असतात, खाच ओलांडली की जोड तुटतो. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांवर मध्यावर तुटलेल्या असतात, म्हणून त्या वापरूच नका.

४. ४७० ओहमच्या मोकळ्या पायाच्या ओळीत एक वायर टोचा आणि तिच्या दुसऱ्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप लावा. ही क्लिप हीच आपली कळ.

५. क्लिप ऋण टोकाकडून पहिल्या सेलच्या धन टोकाजवळच्या धातूच्या पट्टीला लावली की दीड व्होल्ट, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला साडेचार, चौथ्याला सहा. क्लिप लावताना तिने दोन पट्ट्या एकदम पकडल्या तर मधला सेल शॉर्ट होतो आणि काही सेकंदांत हाताला गरम लागतो. लगेच काढा.

रेझिस्टरचे पाय जुने असतील तर काळपट झालेले असतात. टोचण्याआधी काचपेपरने एकदा पुसून घ्या. ब्रेडबोर्डच्या ढिल्या भोकातला पाय वाचन उड्या मारायला लावतो, आणि माणूस उगाच मीटरला दोष देतो.

वाचन घेताना

क्लिप पहिल्या सेलला लावा. प्रोब ४७० ओहमच्या अगदी पायांना टेकवा, सेलच्या टोकांना नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सेलवर मोजलं तर त्या आकड्यात शंटचाही वाटा येतो आणि रोध ४७० ऐवजी ४८० च्या घरात निघतो. पहिलं वाचन २ व्होल्टच्या रेंजला घ्या. काही मीटरवर ती २००० मिलिव्होल्ट अशी लिहिलेली असते. पुढची तीन वाचनं २० व्होल्टच्या रेंजला.

मग प्रोब उचला, नॉब २०० मिलिव्होल्टवर आणा, प्रोब शंटवर टेकवा, आकडा लिहा. पुन्हा ४७० वर जाऊन व्होल्टेज बघा. पहिल्याइतकंच असेल तर जोडी पक्की. घसरलं असेल तर सेल दमलाय किंवा क्लिप ढिली आहे, ती जोडी खोडून नव्याने घ्या. क्लिप काढा आणि पुढच्या सेलला लावा.

चांगल्या सेलांवर, रेझिस्टरचा खरा रोध ४६६ ओहम असेल तर वाचनं साधारण अशी येतील:

एक सेल: १.५४७ व्होल्ट, ३३.२ मिलिव्होल्ट, म्हणजे ३.३२ मिलिॲम्पिअर. भागाकार ४६६.
दोन सेल: ३.०८ व्होल्ट, ६.६२ मिलिॲम्पिअर. भागाकार ४६५.
तीन सेल: ४.६२ व्होल्ट, ९.९२ मिलिॲम्पिअर. भागाकार ४६६.
चार सेल: ६.१५ व्होल्ट, १३.१९ मिलिॲम्पिअर. भागाकार ४६६.

व्होल्टला मिलिॲम्पिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं: ०.४६६ किलोओहम. इथे एकक विसरून ‘रोध ०.४६६ ओहम’ लिहिलेल्या वह्या दर वर्षी सापडतात.

कॅल्क्युलेटर ४६५.९६ दाखवेल. तसं लिहू नका. २० व्होल्टच्या रेंजला मीटरचा शेवटचा अंक दहा मिलिव्होल्टचा असतो. ३.०८ च्या जागी खरं ३.०७ किंवा ३.०९ असेल तर भागाकार दीड ओहमने हलतो. त्यात शंटची एक टक्का अनिश्चितता आहेच. ४६६ लिहा, आणि पाच-सात ओहम इकडेतिकडे धरा. आधी ओहमच्या रेंजला मिळालेला आकडा या पट्ट्यात बसला की काम झालं. पाच टक्केवाल्या ४७० ओहमचा रोध ४४७ पासून ४९३ पर्यंत कुठेही असू शकतो, त्यामुळे नेमका ४७० आला नाही म्हणून वाचनं ‘दुरुस्त’ करण्याची गरज नाही.

आलेख

चार बिंदू आणि आरंभबिंदू. आरंभबिंदू फुकटात धरू नका: क्लिप काढलेली असताना दोन्ही वाचनं घ्या, ती शून्य आली की मगच तो बिंदू मांडा.

शालेय पुस्तकांत आणि प्रयोगवह्यांत अक्ष दोन्ही तऱ्हांनी घेतलेले दिसतात. व्होल्टेज उभ्या अक्षावर आणि करंट आडव्या अक्षावर असेल तर रेषेचा चढ म्हणजे रोध. उलट असेल तर चढ म्हणजे रोधाचा व्यस्त, आणि मग जास्त रोधाची रेषा कमी चढाची दिसते. तोंडी परीक्षेत ‘यातला कोणता रेझिस्टर मोठा?’ या प्रश्नावर निम्मे विद्यार्थी अक्ष न बघताच उत्तर देतात. आधी अक्ष बघा.

चढ काढताना वाचनांचे बिंदू वापरू नका. पट्टीने सगळ्या बिंदूंच्या मधून जाणारी रेषा ओढा आणि रेषेवरचेच दोन बिंदू घ्या, जितके लांब तितके चांगले. वरच्या आकड्यांत पहिला आणि शेवटचा बिंदू रेषेवरच पडतात, म्हणून ६.१५ वजा १.५५ म्हणजे ४.६० व्होल्ट, १३.१९ वजा ३.३२ म्हणजे ९.८७ मिलिॲम्पिअर, चढ ४६६ ओहम. चढाने रोध काढण्याचा फायदा असा, की मीटरचं शून्य थोडं सरकलेलं असलं तरी सगळे बिंदू सारखेच सरकतात, चढ बदलत नाही. प्रत्येक जोडीचा भागाकार मात्र बिघडतो, आणि सगळ्यात जास्त बिघडतो तो खालच्या टोकाच्या बिंदूंवर. पहिला भागाकार वेगळा आणि पुढचे एकमेकांच्या जवळ जाणारे, असं दिसलं की शून्य तपासा.

दोन मीटर एकदम लावले तर

एक मीटर करंटसाठी, एक व्होल्टेजसाठी, आणि दोन्ही कायम जोडलेले. इथे व्होल्टमीटर कुठे लावायचा हा प्रश्न उभा राहतो. व्होल्टमीटर फक्त रेझिस्टरवर लावला तर ॲमीटर दोघांचा मिळून करंट मोजतो. रेझिस्टर आणि ॲमीटर या दोघांवर मिळून लावला तर व्होल्टेजमध्ये ॲमीटरचा वाटा मिसळतो. काही ना काही चूक येणारच, लहान कोणती ते निवडायचं.

स्वस्त मीटरचा व्होल्टच्या रेंजला स्वतःचा रोध बहुधा एक मेगाओहम असतो, महागड्यांचा दहा मेगाओहम. ४७० ओहमला समांतर एक मेगाओहम आला तर फरक ०.०५ टक्के, म्हणजे शून्यच धरा. पण ४७० किलोओहम मोजायला घेतला तर मीटरसह समांतर रोध ३२० किलोओहम होतो, आणि तुमचं उत्तरही तेच येतं, तब्बल ३२ टक्के कमी. अशा मोठ्या रोधाला व्होल्टमीटर ॲमीटरच्या पलीकडून लावा.

सीमा काढायला सोपा नियम आहे: दोन्ही मीटरच्या रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. १० ओहमचा ॲमीटर आणि एक मेगाओहमचा व्होल्टमीटर असेल तर ते ३१६२ ओहम येतं. तीन किलोओहमच्या खाली व्होल्टमीटर रेझिस्टरवर, वर असेल तर दोघांवर मिळून.

आता गंमत बघा. एकच मीटर आधी रेझिस्टरवर आणि मग शंटवर हलवला, तर ही भानगडच राहत नाही. ४७० किलोओहमशी १० किलोओहमचा शंट एकसर जोडा, सहा व्होल्ट द्या. मीटर मोठ्या रेझिस्टरवर ५.८२ व्होल्ट दाखवेल, शंटवर ०.१२४. दोन्ही आकडे खऱ्यापेक्षा एक टक्का कमी आहेत, कारण मीटर जिथे टेकेल तिथलं व्होल्टेज थोडं खाली ओढतो. पण दोन्ही जागी तो अगदी एकाच प्रमाणात ओढतो, त्यामुळे त्यांचा भागाकार ४७ च येतो आणि दहा किलोओहमने गुणलं की ४७० किलोओहम. अट एवढीच, की दोन्ही रेंजना मीटरचा रोध सारखा हवा आणि सेलचा अंतर्गत रोध या रोधांपुढे नगण्य हवा. स्वस्त मीटरने मोठे रोध मोजायची ही युक्ती फारशी कुठे लिहिलेली दिसत नाही, पण चोख चालते. असे मोठे रोध मोजताना प्रोबची टोकं बोटांनी धरू नका, अंगाचा रोधही समांतर जोडला जातो.

सेलचा त्रास ओहमलाही झाला होता

गेओर्ग ओहम कोलोन शहरात शाळेत शिकवत होता तेव्हा त्याने हे प्रयोग केले. त्या काळच्या रासायनिक घटांचं व्होल्टेज करंट वाहू लागला की घसरायचं आणि त्याच्या वाचनांचा मेळ बसेना. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवल्यावरून त्याने घट सोडून बिस्मथ आणि तांबे यांची तापविद्युत जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. तापमानं कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. हे प्रयोग १८२६ सालचे, पुस्तक १८२७ सालचं. करंटसाठी त्याच्याकडे तारेला टांगलेली चुंबकसूची होती. त्याने मांडलेल्या मूळ सूत्रात मोजायच्या तारेच्या लांबीबरोबर उरलेल्या सर्किटचा रोध ही वेगळी संख्या आहे. म्हणजे आपण ज्याला ‘सेलचा अंतर्गत रोध आणि वायरी’ म्हणतो ते त्याने पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलं होतं.

आपल्याकडे साधा झिंक-कार्बन सेल असेल तर हाच प्रकार लहान प्रमाणावर दिसतो. १३ मिलिॲम्पिअरला घसरण नगण्य, पण शंभर-दोनशे मिलिॲम्पिअर काढले की व्होल्टेज डोळ्यांदेखत उतरतं. म्हणून वाचनं झटपट घ्यायची आणि मध्ये क्लिप काढून ठेवायची.

प्रयोगशाळेतल्या काट्याच्या मीटरवर

शाळेत किंवा आयटीआयमध्ये बॅटरी एलिमिनेटर, ऱ्होस्टॅट (सरकवून कमी-जास्त करता येणारा रोध), प्लगची कळ, काट्याचे मीटर आणि नायक्रोमच्या किंवा युरेकाच्या (दोन्ही मिश्रधातू) तारेची गुंडाळी मिळते. तत्त्व तेच, चुका वेगळ्या.

काटा शून्यावर नसेल तर कळ लावण्याआधी मीटरच्या तोंडावरचा स्क्रू हलकेच फिरवून शून्यावर आणा. ते जमत नसेल तर शून्य त्रुटी लिहून ठेवा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. काट्यामागे आरशाची पट्टी असेल तर काट्याचं प्रतिबिंब काट्याआड लपेल असं डोकं धरून वाचा.

५०० मिलिॲम्पिअरच्या ॲमीटरवर ५० भाग असतील तर लघुतम माप १० मिलिॲम्पिअर. पाच व्होल्टच्या व्होल्टमीटरवर ५० भाग असतील तर ०.१ व्होल्ट. अर्धा व्होल्ट वाचताना अर्ध्या भागाची चूक झाली तर ती दहा टक्के होते, चार व्होल्टला तीच सव्वा टक्का. म्हणून शक्यतो वाचनं पट्टीच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात घ्या आणि ऱ्होस्टॅट त्या हिशेबाने सरकवा. पहिली कळ लावताना मात्र ऱ्होस्टॅट पूर्ण रोधावर हवा.

काटा डावीकडे आपटला तर जोडणी उलटी आहे, लगेच कळ काढा. काटा हललाच नाही तर आधी गुंडाळीची टोकं बघा. तारेवर एनॅमल किंवा सुती वेष्टण असतं आणि ते न खरवडताच टोक स्क्रूखाली दाबलेलं असतं. ॲमीटर चुकून समांतर जोडला तर काटा पलीकडच्या टोकाला आदळतो आणि पुष्कळदा वाकतो. व्होल्टमीटर एकसर जोडला तर मीटर बिघडत नाही, पण ॲमीटर शून्यावरच राहतो, कारण व्होल्टमीटरचा मोठा रोध करंट अडवतो. कळ उगाच लावून ठेवू नका. नायक्रोम आणि युरेकाचा रोध तापमानाबरोबर थोडाच बदलतो, म्हणून तर ते वापरतात, पण तांब्याची तार घेतली तर दर दहा अंशांना रोध साधारण चार टक्क्यांनी चढतो.

सरळ रेषा कुठे येत नाही

त्याच सर्किटमध्ये ४७० ओहमच्या जागी मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब लावा. शंट मात्र बदला: १ ओहम, एक वॉट. बल्बचा पेटता रोध १४.४ ओहम असायला हवा, पण मीटरने थंड बल्ब मोजला तर एक-दीड ओहमच दिसतो. इथे प्रोबचा रोध वजा करायला विसरलात तर आकड्याला अर्थच उरत नाही. व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंट दुप्पट न होता साधारण दीडपट होतो आणि आलेख वाकतो. टंगस्टनची तार तापते, रोध वाढतो, नियमातली तापमानाची अट मोडते. दर वाचनाआधी चार-पाच सेकंद थांबा म्हणजे तार स्थिर तापमानाला येते. घरातला २३० व्होल्टचा जुना १०० वॉटचा बल्ब असेल तर होल्डरमधून काढून नुसता ओहमच्या रेंजला मोजा: थंड असताना चाळीसच्या आसपास दिसतात, पेटता असताना मात्र हिशेबाने ५२९ ओहम. लाइनवर लावून मोजायचा विचारही नको.

एलईडीला ओहमचा नियम लागू नाही, पण तिच्याबरोबर एकसर असलेल्या रेझिस्टरला लागू आहे. तिथे एक ठरलेली चूक होते. सहा व्होल्ट, लाल एलईडी, ४७० ओहम असेल तर करंट ६ भागिले ४७० नसतो. एलईडीवर दोन व्होल्टच्या आसपास पडतात, रेझिस्टरच्या वाट्याला चार येतात, आणि करंट साडेआठ मिलिॲम्पिअर होतो. भागाकारातलं व्होल्टेज नेहमी त्याच रेझिस्टरच्या दोन पायांमधलं.

दुरुस्तीच्या कामात याचाच उपयोग सगळ्यात जास्त. छापील बोर्डावर करंट मोजायला कोणी ट्रॅक कापत बसत नाही. वाटेत कुठला तरी रेझिस्टर असतोच. पट्ट्यांवरून त्याची किंमत वाचा, त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा, भागा. त्याला समांतर आणखी काय काय जोडलंय याने या उत्तरात फरक पडत नाही, कारण मिळतो तो त्या रेझिस्टरमधलाच करंट. ही युक्ती बॅटरीवर किंवा कमी व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या बोर्डापुरतीच. चार्जर किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये मुख्य लाइनच्या बाजूला अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर दिसला आणि त्याच्यावर अर्धा व्होल्ट असेल असा अंदाज असला, तरी त्याचे दोन्ही पाय जमिनीच्या तुलनेत शेकडो व्होल्टवर असू शकतात. तिथे प्रोब लावू नका.